टाकी बांधून झाली, पारखून झाली का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ साली हौशी बांधणीच्या विमानांवरचा आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या देशातल्या खासगी आणि छोट्या विमानांत घरी बांधलेल्या विमानांचा वाटा जेमतेम १० टक्के. २०११ सालच्या अपघातांत मात्र तो सुमारे १५ टक्के भरला आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. विमानावरचा ताबा सुटणे आणि इंजिनाची ताकद जाणे ही त्यातली दोन ठळक कारणे. मंडळाने ज्या सुधारणा सुचवल्या, त्यांत एक अगदी साधी होती: पहिल्या उड्डाणाआधी विमानाच्या इंधन व्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी घ्या, ती कशी घ्यायची हे नियमात स्पष्ट लिहा आणि तपासणीच्या यादीत तिला जागा द्या.

इतकी उघड गोष्ट सरकारी मंडळाला सांगावी लागली, कारण हलक्या विमानाची इंधनटाकी फसवी असते. ती पत्र्याची, फायबरची किंवा प्लास्टिकची एक बंद पेटी दिसते. गळत नाही म्हणजे झाली, असे वाटते. पण इंजिनापर्यंत इंधन पोचते ते टाकी, तिच्यात हवा घेणारी नळी, पाणी जमणारा तळाचा सम्प, गाळणी, पंप, टाकी बदलण्याची कळ आणि त्या कळीवर जाणारा पायलटचा हात या साखळीतून. गेल्या शंभर वर्षांत टाकी बांधण्याच्या पद्धती पुष्कळ सुधारल्या. हौशी बांधणीत अजूनही मागे राहते ती या पूर्ण साखळीची पारख. या आढाव्यात तोच धागा धरला आहे.

जागा कोणती?

टाकीचा पहिला निर्णय जागेचा, आणि पुढचे बरेच काही तिथेच ठरते. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्गने न्यूयॉर्क ते पॅरिस अटलांटिक ओलांडला, तेव्हा ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’च्या पाच टाक्यांत सुमारे ४५० गॅलन, म्हणजे १,७०० लिटर पेट्रोल होते. मुख्य टाकी त्याने स्वतःच्या पुढे, इंजिनामागे बसवून घेतली. विमान आदळले तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपण चिरडले जाऊ नये, हा त्यामागचा विचार. त्याची किंमत म्हणजे समोरचे दिसणे बंद झाले. पुढे पाहायला बाजूच्या खिडक्या आणि एक छोटा पेरिस्कोप एवढेच उरले. टाकीची जागा निवडताना काहीतरी मिळते आणि काहीतरी सोडावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

छोट्या विमानांची पुढची पिढी साधेपणाकडे गेली. पायपर जे-३ कबची १२ गॅलनची टाकी फायरवॉलमागे, पायलटच्या डॅशबोर्डच्या पुढे उंचावर बसवलेली असते. इंधन आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरते. पंपाची गरजच नाही. टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली दिसते. तिच्या खालच्या टोकाला बुचाचा तरंगता गोळा असतो. इंधन उतरेल तशी तार खाली जाते. बिघडायला त्यात फारसे काही नाही. पण ४५ लिटर पेट्रोल माणसाच्या गुडघ्यांसमोर असते, हेही खरे.

आज हौशी बांधणीत सर्वांत जास्त दिसणारी जागा म्हणजे पंखाची पुढची कड. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेची दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी बांधून उडवली आहेत. पहिल्या आरव्ही-३ मध्ये टाकी धडात होती. पुढे ती पंखांत गेली. आरव्ही-७ च्या दोन्ही पंखांत मिळून ४२ गॅलन, म्हणजे साधारण १५९ लिटर मावतात. त्याचे वजन ११४ किलोच्या आसपास. हे वजन विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असल्याने इंधन संपत जाते तसा तोल फारसा बदलत नाही. ते पंखातच असल्याने उडताना पंखाच्या मुळावर येणारा ताणही थोडा हलका होतो. माणसे आणि इंधन यांच्यातले अंतर वाढते, हा तिसरा फायदा. तोटा असा की पंख खाली असलेल्या विमानात इंधन आपोआप वर चढत नाही. पंप लागतो, आणि एकावर विसंबता येत नाही म्हणून दुसरा, विजेवर चालणारा पंपही लागतो.

बर्ट रुटानने आराखडा काढलेल्या लाँग-ईझेडमध्ये धड आणि पंख यांना जोडणाऱ्या रुंद कडांत इंधन असते. सोनेक्समध्ये प्रवाशांच्या पुढे प्लास्टिकची टाकी असते. यांपैकी कोणतीही जागा निर्दोष नाही. प्रत्येक जागेबरोबर तिची जबाबदारी येते: केबिनजवळ टाकी आली की तिच्याभोवती वाफ न झिरपणारे कवच, त्या कवचाला बाहेर निचरा आणि हवा हवी. मूळ आराखडा काढणाऱ्याने ही जबाबदारी पार पाडलेली असते. बांधणारा जागा बदलतो तेव्हा ती त्याच्या शिरावर येते.

पत्रा, फायबर, प्लास्टिक, रबर

ॲल्युमिनियमच्या रिव्हेटच्या टाकीत खरा शिलेदार रिव्हेट नसून सीलंट असतो. पॉलिसल्फाइडचे हे सीलंट दोन भागांत येते. वजनाने साधारण दहा भाग पांढऱ्या लुकणात एक भाग काळा घट्ट करणारा मसाला घालायचा आणि रंग एकसारखा राखाडी होईपर्यंत घोटायचे. मिसळले की कामाला सुमारे दोन तास मिळतात. उन्हाळ्यात त्याहूनही कमी. त्याआधी पत्र्याची चकाकी खरवडून काढायची, सॉल्व्हंटने पुसायचे, आणि पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावायचे नाही. फासळी सीलंटमध्ये बसवायची, प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून ठोकायचा, आतून प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर आणि प्रत्येक सांध्यावर पुन्हा एक थर द्यायचा. शेवटी मागची भिंत बंद करायची. त्यानंतर आतला कोपरा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती भिंत बसवण्याआधी दिव्याने केलेली पाहणी फार मोलाची.

मग येते फुग्याची परीक्षा. टाकीची सगळी तोंडे बंद करून एका तोंडाला साधा फुगा बांधतात आणि अगदी हलका दाब देऊन फुगा उभा राहील इतकी हवा भरतात. साबणाचे पाणी प्रत्येक रिव्हेटवर ब्रशने लावले की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. फुगा दाबाची मर्यादा आपोआप सांभाळतो, आणि हे महत्त्वाचे आहे. एक पीएसआय दाब किरकोळ वाटतो, पण एक मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद पत्र्यावर तो २१० किलोचा जोर लावतो. थेट कॉम्प्रेसर जोडणाऱ्याची महिन्यांची मेहनत एका क्षणात फुगून वाकडी होते. फुगा न वापरणारे पारदर्शक नळीत पाणी भरून दाब मोजतात. ७० सेंटिमीटर पाण्याचा फरक म्हणजे जवळपास एक पीएसआय.

फुग्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ८० लिटरच्या टाकीतली हवा दिवसा-रात्रीच्या दहा अंश फरकाने पावणेतीन लिटरच्या घरात फुगते किंवा आक्रसते. सकाळी लोंबलेला फुगा पाहून टाकी गळते असा निष्कर्ष काढणारे आणि दुपारी टम्म फुगलेला पाहून निश्चिंत होणारे, दोघेही चुकतात. निकाल द्यायचा तो बुडबुड्यांनी. विमान उडू लागल्यावर गळती स्वतःच खूण सोडते: विमानाच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये निळा रंग असतो, आणि रिव्हेटभोवती उमटलेला निळसर डाग कोणताही मेकॅनिक लांबून ओळखतो.

पूर्वी बारीक गळतीवर एक सोपा उपाय चाले. पातळ सीलंट टाकीत ओतायचे, टाकी सगळीकडून फिरवायची आणि उरलेले काढून टाकायचे. काही वर्षांनी तो थर पोपडे धरून सुटू लागला आणि पोपडे गाळणीत अडकू लागले. गळती बंद करण्याच्या नादात इंजिनाचा घास अडवणारी वस्तू आपणच टाकीत सोडली, हे लोकांना कळायला वेळ लागला. आज जाणकार या उपायाला हात लावत नाहीत. गळणारी जागा शोधून, पत्र्याला झरोका पाडून, आतून नीट सीलंट भरणे हाच मार्ग ते धरतात.

वेल्डिंगच्या टाकीला ५०५२ किंवा ३००३ जातीचा ॲल्युमिनियम पत्रा घेतात. विमानाच्या सांगाड्यात वापरला जाणारा २०२४ जातीचा पत्रा साध्या वेल्डिंगला दाद देत नाही. अशा टाकीचा शत्रू म्हणजे कंपन. वेल्डच्या कडेला पत्रा आपली मूळ ताकद गमावतो आणि तडा बहुधा तिथेच जातो. म्हणून टाकी सांगाड्याला थेट बोल्टने आवळत नाहीत. फेल्टच्या किंवा रबराच्या गाद्यांवर ठेवून पट्ट्यांनी बांधतात, आत भिंती घालून इंधनाचे हेलकावे मोडतात.

फायबर आणि इपॉक्सीच्या टाकीला हवा तो आकार देता येतो, हे तिचे आकर्षण. पण फायबरमध्ये सुईच्या टोकाएवढी भोके राहतात आणि त्यांतून पेट्रोल वाट काढते. पॉलिस्टायरीनच्या फोमपर्यंत ते पोचले तर फोम विरघळतो. त्यामुळे रुटानच्या पद्धतीने बांधणारे लोक टाकीच्या भागात वेगळा, पेट्रोलला टिकणारा फोम घेतात. शिवाय फायबर वीज वाहून नेत नाही. इंधन भरताना साठणाऱ्या स्थिर विजेला जमिनीकडे जायला वाट मिळावी म्हणून भरण्याच्या तोंडाला धातूची जोडणी द्यावी लागते.

प्लास्टिकची साच्यातली टाकी स्वस्त आणि बिनसांध्याची असते. तिच्यात नळ्यांची जोडणी सांभाळावी लागते. रबराची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, आदळल्यावर फाटण्याऐवजी वाकते. रॉबिन्सन कंपनीने २०१० साली आपल्या आर-४४ हेलिकॉप्टरच्या ॲल्युमिनियम टाक्या ब्लॅडरने बदलण्याची सूचना काढली, ती अपघातानंतरच्या आगी टाळण्यासाठीच. ब्लॅडरचा दोष वेगळा: तिच्या सुरकुत्यांमागे पाणी अडते आणि सम्पपर्यंत पोचतच नाही. सेसनाच्या ब्लॅडर असलेल्या विमानांसाठी १९८४ साली अमेरिकी विमान प्रशासनाला याबद्दल सक्तीचा आदेश काढावा लागला.

या सगळ्या पद्धतींची विमाने वर्षानुवर्षे सुखरूप उडत आहेत. साहित्याच्या निवडीवर होणारे वाद रंगतात खरे, पण पद्धत कुठलीही असो, ती हातचे न राखता पार पाडली गेली का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

हवा, पाणी आणि नळ्या

टाकीतून एक लिटर इंधन बाहेर गेले की तेवढी हवा आत यायला हवी. हवेची नळी, म्हणजे व्हेंट, बंद पडली की आत पोकळी तयार होते, प्रवाह मंदावतो आणि शेवटी थांबतो. ही नळी बंद करायला एखादी कुंभारमाशी पुरते. हँगरमध्ये उभ्या विमानाच्या व्हेंटमध्ये ती मातीचे घर बांधते. म्हणून व्हेंटला जाळी लावतात, उड्डाणाआधी हात लावून पाहतात, आणि जाणते बांधणारे बर्फ किंवा माती यांनी मुख्य तोंड बुजले तर हवा घ्यायला दुसरे छोटे भोकही ठेवतात.

उलट दिशेनेही विचार करावा लागतो. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगते. पहाटे काठोकाठ भरलेली १०० लिटरची टाकी दुपारी २५ अंशांनी तापली तर अडीच लिटर पेट्रोल जागा मागते. कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानांच्या अमेरिकी नियमांनी म्हणूनच टाकीत किमान दोन टक्के रिकामी जागा मागितली होती. २०१७ च्या फेररचनेआधीचे ते तपशीलवार नियम हौशी विमानांना कायद्याने कधीच लागू नव्हते. तरीही ते आजही बांधणाऱ्याने वाचावेत असे आहेत, कारण त्यांतली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या अपघातातून आलेली आहे.

पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. ते काढायला तळाच्या सर्वांत खोल जागी सम्प आणि निचऱ्याचा कॉक हवा. इथे एक बारकावा हुकतो. शेपटीवर टेकून उभ्या राहणाऱ्या विमानाचे नाक जमिनीवर वर असते. जमिनीवर टाकीचा जो कोपरा सर्वांत खाली, तो उडताना सर्वांत खाली नसतो. जमिनीवर कॉकमधून स्वच्छ पेट्रोल येते, आणि उड्डाण करून नाक खाली आले की कोपऱ्यातले पाणी सरळ इंजिनाकडे निघते. दोन्ही स्थितींत पाणी कुठे जमेल हे कागदावर रेखून पाहिल्याशिवाय कॉकची जागा ठरवू नये.

इंधन थोडे उरले की वळणात किंवा तिरक्या उतरणीत ते एका बाजूला सरकते आणि नळीच्या तोंडाशी हवा येते. त्यावर उपाय म्हणजे तोंडाजवळची छोटी संचय-टाकी किंवा एकाच दिशेने उघडणारी झडप. प्रत्येक टाकीत थोडे इंधन वापरता न येणारे राहतेच. ते किती, हे मोजून गेजचे शून्य तिथे लावायचे. पायलटला दिसणारे शून्य हेच खरे शून्य असायला हवे.

पंपाची जागाही महत्त्वाची. इंजिनाजवळचा पंप लांबून इंधन ओढतो तेव्हा नळीतला दाब उतरतो, आणि गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची वाफ होते. वाफ भरलेल्या नळीतून इंजिनाला काही मिळत नाही. विजेचा पंप टाकीजवळ, खाली ठेवून इंधन ओढण्याऐवजी ढकलणे हा उत्तम मार्ग. नळ्या एक्झॉस्टपासून दूर, आगीला टिकणाऱ्या आवरणात, आणि कुठेही वर-खाली कुबड न काढता न्यायच्या.

पायलटचा हात

टाकी कितीही चांगली असली तरी शेवटी माणसाने योग्य वेळी योग्य कळ फिरवायची असते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ आपल्या लाँग-ईझेडमध्ये मरण पावला. विमान त्याने नुकतेच विकत घेतले होते. बांधले होते दुसऱ्या कोणी. रुटानच्या आराखड्यात टाकी बदलण्याची कळ पायलटच्या पायांमध्ये आहे. बांधणाऱ्याने ती केबिनमध्ये इंधन येऊ नये म्हणून पायलटच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या. इंधन किती उरले हे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या मागच्या बाजूला होत्या.

उड्डाणाआधी मेकॅनिकशी या कळीबद्दल बोलणे झाले होते. पकड लावून कळीचा दांडा लांबवण्याचाही प्रयत्न झाला. तो जमला नाही. इंधन भरून घेण्याचे डेन्व्हरने नाकारले. उड्डाण छोटे होते. तपासणी करणाऱ्यांनी तीच हालचाल करून पाहिली तेव्हा दिसले की कळ फिरवायला पायलटला उजवा हात विमान चालवण्याच्या दांड्यावरून काढावा लागतो, पट्टा सैल करावा लागतो, कंबरेतून डावीकडे वळून हात खांद्यामागे न्यावा लागतो. आणि वळताना आधारासाठी उजवा पाय सहजच रडरच्या पेडलवर दाबला जातो. एनटीएसबीने अपघाताचे कारण लिहिले ते असेच: कळ फिरवण्याच्या खटपटीत लक्ष विचलित झाले आणि नकळत उजवे रडर दाबले गेले. अवघड जागी, बिनखुणांची कळ बसवण्याचा निर्णय त्यामागचे कारण म्हणून नोंदला गेला.

या प्रकरणाकडे पाहताना बांधणाऱ्याचा हेतू विसरता येत नाही. इंधन केबिनपासून दूर ठेवणे ही सुरक्षेचीच काळजी होती. एका धोक्यावरचा उपाय दुसरा धोका घेऊन आला आणि तो कोणी तोलून पाहिला नाही. शिवाय आपण बांधलेले विमान उद्या दुसऱ्याच्या हाती जाते. बांधणाऱ्याच्या सवयीची झालेली अडचण नव्या मालकाला पहिल्याच कठीण क्षणी भेटते. इंधन व्यवस्थेत मूळ आराखड्यापासून जितके कमी दूर जाल तितके चांगले, आणि गेलातच तर तो बदल स्वतंत्रपणे सिद्ध करा, हा या आढाव्यातला सर्वांत ठाम मुद्दा आहे.

जादा टाकी

लांब उडण्याची ओढ विमानाइतकीच जुनी. १९४९ साली बिल ओडमने बीचक्राफ्ट बोनान्झाच्या पंखटोकांना टाक्या लावून हवाईहून न्यू जर्सीपर्यंत सुमारे ३६ तास अखंड उड्डाण केले. १९५९ साली मॅक्स कॉनरॅडने पायपर कोमांचीतल्या आसनांच्या जागी टाक्या ठेवून कॅसाब्लांकाहून लॉस एंजेलिस गाठले. अंतर १२ हजार किलोमीटरांहून जास्त. १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’मधून इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघताना ४,३९७ किलो वजनात ३,१८० किलो इंधनच होते, १७ टाक्यांत विभागलेले. नऊ दिवस ती दोघे तोल सांभाळण्यासाठी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत इंधन वळवत राहिली. उतरले तेव्हा ४८ किलो इंधन शिल्लक होते.

हे पराक्रम थोर आहेत, पण घरच्या विमानात सामानाच्या जागी टाकी ठेवणाऱ्याने त्यांतून हिशेबाची शिस्त घ्यावी. मागची टाकी भरली की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि विमान लहरी होते. पंखटोकाची टाकी पंखाची थरथर बदलते. जादा टाकीतून मुख्य टाकीत इंधन वेगाने ढकलले तर ते व्हेंटमधून हवेत जाते. विमान पोचवायला निघालेल्या वैमानिकांना तात्पुरत्या टाकीसाठी आणि जादा वजनासाठी खास परवाना लागतो, आणि त्यामागे याच गणिताची तपासणी असते.

बदलते इंधन

आज टाकी बांधणाऱ्यापुढे नवा प्रश्न आहे: तिच्यात उद्या काय भरले जाणार? शिशाचे विमान-पेट्रोल २०३० पर्यंत बंद करण्याचे अमेरिकेचे लक्ष्य आहे. बिनशिशाच्या एका पर्यायी पेट्रोलला तिथे २०२२ मध्ये व्यापक मान्यता मिळाली; नंतर रंग आणि सीलंट खराब झाल्याच्या तक्रारीही आल्या. चाळीस वर्षे एका इंधनात टिकलेले सीलंट दुसऱ्यात टिकेलच असे नाही.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला आहे. इंडियन ऑइलने २०२२ पासून वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात १०० एलएल बनवायला सुरुवात केली, त्यामुळे आयातीवरचे अवलंबन कमी झाले. पण आपल्याकडच्या कितीतरी मायक्रोलाइट विमानांत रोटॅक्स इंजिने आहेत आणि ती पंपावरच्या साध्या पेट्रोलवरही चालतात. रोटॅक्स ९१२ ला इथेनॉल चालते ते १० टक्क्यांपर्यंत. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्याला इथेनॉलने आधार दिला, ही आनंदाची गोष्ट. विमानाच्या टाकीत मात्र इथेनॉल पाणी धरून ठेवते. थंडी वाढली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी उतरतात आणि वर उरते ते कमी ऑक्टेनचे पेट्रोल. काही इपॉक्सी, जुनी सीलंटे आणि रबर त्याने मऊ पडतात. २० टक्के मिश्रणात ऊर्जाही सहा-सात टक्के कमी, म्हणजे पल्लाही तेवढा कमी. आज टाकी बांधणाऱ्याने आपल्या सीलंटचा, रेझिनचा आणि रबरी नळीचा तुकडा प्रत्यक्ष वापरायच्या इंधनात काही आठवडे बुडवून पाहावा. खर्च नगण्य, उत्तर पक्के.

पारख कशी करावी?

प्रवाहाची चाचणी हा सगळ्याचा कळस. त्या जुन्या अमेरिकी नियमांनुसार इंधन फक्त वजनाने उतरत असेल तर उड्डाणाच्या वेळी इंजिनाला लागणाऱ्या प्रमाणाच्या १५० टक्के आणि पंपावर असेल तर १२५ टक्के प्रवाह मिळायला हवा. रोटॅक्स ९१२ यूएलएस पूर्ण ताकदीवर तासाला २७ लिटर घेते. उंच पंखांच्या विमानात म्हणजे तासाला ४०.५ लिटर प्रवाह हवा: १० लिटरचा डबा १५ मिनिटांच्या आत भरला पाहिजे.

विमानाचे नाक चढणीच्या कोनात उचलून ठेवायचे. टाकीत किमान इंधन ठेवायचे. कार्ब्युरेटरची नळी काढून ती तितक्याच उंचीवर धरायची आणि डबा भरेपर्यंत घड्याळ लावायचे. प्रत्येक टाकीसाठी, प्रत्येक पंपासाठी, कळीच्या प्रत्येक स्थितीसाठी वेगळे. शेवटी उरते ते वापरता न येणारे इंधन. ते मोजून लिहायचे. मग टाकी पूर्ण रिकामी करून पाच-पाच लिटरने भरत गेजवर खुणा करायच्या आणि त्याच वेळी लाकडी मोजपट्टीही आखायची. हे काम उघड्यावर, आग विझवण्याचे साधन जवळ ठेवून, विमान आणि डबे जमिनीला जोडून करायचे. डोळे मिटून, पट्टा बांधून, बसल्या जागेवरून टाकी बदलता येते का, हेही याच दिवशी पाहायचे.

यात कुठे महाग यंत्र नाही. एक-दोन दिवस जातात. तरीही बांधणी संपता संपता, पहिल्या उड्डाणाच्या उत्साहात, नेमके हेच दिवस कापले जातात.

आपल्याकडे हौशी विमानबांधणी अजून मोजक्या लोकांची. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले, २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांपुढे आले आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची उड्डाण परवानगी २०१९ मध्ये मिळाली. त्या प्रवासाने मराठी तरुणांच्या मनात हे आपणही करू शकतो असा विश्वास रुजवला आहे. या वाटेवर पुढे येणाऱ्यांना अमेरिकेतला अनुभव फुकट उपलब्ध आहे, त्याची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजलेली आहे. आपले नियम आणि आपल्या कार्यशाळा घडत असतानाच प्रवाहाच्या चाचणीचा लेखी अहवाल पहिल्या उड्डाणाच्या परवान्याचा भाग व्हावा. टाकीचा बदललेला प्रत्येक तपशील चित्रासह विमानाच्या वहीत नोंदला जावा आणि ती वही विमानाबरोबर नव्या मालकाकडे जावी. स्वतःच्या हाताने विमान बांधण्याचे स्वातंत्र्य मोठे आहे. ते टिकवायचे तर टाकीचा शेवटचा रिव्हेट ठोकल्यावर काम संपले असे न मानता, डबा आणि घड्याळ घेऊन दिलेले दोन दिवस बांधणीचेच दिवस मानायला हवेत.